यजमान : रायण

घारपुरे बाईंनी ती एकदाच पाहिली होती,
कमाटीबागेच्या मागे, विश्वामित्रीच्या काठावर
कललेल्या एका म्हाताऱ्या रायणीवर.
पान खाणाऱ्यानं चुन्याचं बोट सालीला पुसावं,
एवढीशी बुरशी. कडेला किंचित जांभळी.
नमुना घेतला नाही. म्हणाल्या, परत येऊ.
त्याच पावसात रायण पुरात गेली.

मग तीसेक वर्षं आम्ही साली वाचत फिरलो.
मी प्रयोगशाळेतला मदतनीस :
पिशवी, सुरी, जुने लिफाफे
आणि मगर दिसली तर ओरडणं माझ्याकडे.
बाई भिंगाला डोळा लावून खोडाला इतक्या बिलगायच्या
की जाणारे थांबून विचारायचे,
"बेन, कांई खोवायुं छे?"
"हो," म्हणायच्या, मराठीतच.

गाव वडाचं,
पण ही वडाकडे ढुंकून बघत नाही, असं त्यांचं म्हणणं.
कोवळ्या झाडावर तर बसतच नाही.
साल आधी शंभर वर्षं तडकू द्यावी लागते,
इथं कुणाला घाई नाही
अशी तिची खात्री पटेपर्यंत.

माघात बाई गेल्या.
खासवाडीला हर्षदभाईनं लाकूड काट्यावर टाकलं,
वीस मण. पावती माझ्या नावावर.
ओंडके हातोहात पुढं सरकत होते,
अकरावा की बारावा माझ्याकडे आला
आणि अंगठ्याखाली काहीतरी गार, साबणासारखं लागलं.

चुन्याचं बोट.
कडेला जांभळं.

"लाकूड कुठलं हो?"
"ट्रॅक्टर येतो साहेब. झाडाला गाव कोण विचारतं?"

भाचा मडकं घेऊन उभा.
गुरुजी घड्याळ बघत होते.
किल्लीनं खरवडता आली असती.
पावतीच्या पाठीवर लिहिताही आलं असतं :
यजमान, रायण, बहुधा.
स्थळ, ठाऊक नाही.
संग्राहक...
तिथं कुणाचं नाव घालायचं, यावर अडलो.

भिंग माझ्या खिशात होतं, त्यांचंच.
मी ते काढलं नाही.
ओंडका ठेवला, साल त्यांच्याकडे करून,
डोळ्यांपासून चार बोटांवर,
त्या बघायच्या तेवढ्या अंतरावर.

मागून कुणी म्हणालं,
उलटा लागलाय तो, साल बाहेर घ्या, लवकर पेटेल.

मी ऐकू न आल्यासारखं केलं.