कोणीतरी

यादीत एकशे त्रेचाळीस चुका उघड्या आहेत.
सगळ्यांत जुनी पाच वर्षांची.
मुलगी असती तर एव्हाना बालवाडीत घातली असती.

प्रोग्राम आमचा साधा:
कागदावरचं फूल घ्यायचं,
जेकार्डच्या पुठ्ठ्यांवर भोकं पाडायची.
फुकट. कुणीही घ्या, उघडा, आत बघा, बदला.
साखर पेठेतले चार कारखाने वापरतात.
पेरू देशातला एक शालवाला वापरतो,
त्यानं एकदा मोराचा फोटो पाठवला होता.

आणि चूक मोरातच आहे.
पिसाऱ्यात शंभराच्या वर डोळे गेले
की शेवटची ओळ गळते.
चादरीवर मोर बांडा उतरतो.

मी लिहिलं: कोणीतरी बघा.
आठवड्यात चार अंगठे आले.
मी लिहिलं: कृपया, कोणीतरी बघा.
सात अंगठे.
सात अंगठे, आणि गाठ मारायला एक बोट नाही.

नरसय्यामामा मागे खाटेवर पडला होता.
एकवीस वर्षं माग चालवून
त्याचा डावा कान गेलाय, उजवा निम्मा आहे.
"काय करालीस?"
सांगितलं.
"कोणीतरी कोण?
आमच्या शेडात या नावाचा माणूस कधी कामाला नव्हता."

मग उठून बसला.
"शेडात हाक ऐकूच येत नाही, बाई.
ओरडून घसा फुटंल.
उठून जावं लागतं.
खांद्याला हात लावून बोट दाखवावं लागतं:
हा. हा धागा. तू.

आणि त्यानं गाठ मारली की माग लगेच चालू करायचा,
त्याच्या डोळ्यांदेखत.
गाठ मारून माणूस उभा अन् माग बंद,
असं दोनदा झालं
की तिसऱ्यांदा तो चहाला जातो."

हे बोलून तो परत आडवा झाला.
मी मात्र बसल्या जागी गरम झाले,
आणि ते नुसतं एप्रिलमुळे नव्हतं.
इर्शाद बागवानची दुरुस्ती दसऱ्यापासून पडून होती.
चांगली होती.
मी 'बघते' म्हणाले होते.
त्यानं दिवाळीत एकदा विचारलं. संक्रांतीला एकदा.
गड्ड्याची यात्रा उठली तसा तोही उठला.

रात्री पाणी येणार होतं, पाचव्या दिवसाचं.
ड्रम धुऊन ठेवले आणि मशीन उघडलं.
इर्शादची गाठ आधी घेतली. माग चालवला. चालला.
सहा महिने उशिरा
मी त्याला लिहिलं: चालला.

मग मल्लिनाथ हत्तुरे.
विजापूर रोडच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला.
त्यानं मागं एकदा फक्त एक वेलांटी सुधारून पाठवली होती,
ऱ्हस्वाची दीर्घ,
आणि खाली माफी मागितली होती.
वेलांटी दिसते त्याला डोळेही मोजता येतील.

लिहिलं: मल्लिनाथ, मोराची शेवटची ओळ गळते आहे.
मला वाटतं मोजणी एकपासून सुरू होते, शून्यापासून हवी.
ओळ दोनशे बारा. खात्री नाही.
तू बघशील?
अडकलास तर मी जागी आहे,
पाणी येईपर्यंत.

अडीचला नळ खोकला.
पहिला ड्रम भरत असताना उत्तर:
'मॅडम, दोनशे बारा नाही. दोनशे सात.
पण मला येत नसेल.'

ड्रम तसाच ओसंडू दिला.
ओल्या हातानं बटणं दाबली,
त्याच्या डोळ्यांदेखत.
एकशे आठ डोळे. पूर्ण पिसारा.
चादर उलटी करून बघाल तर गाठ सापडेल,
खाली तिच्या मालकाचं नाव आहे.

सकाळी पेरूहून निरोप:
मोर सुंदर. आता पाय उलटे दिसतात.

इर्शादचं काही नाही.
त्याचंही बरोबर आहे.
नई जिंदगीत त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे.
बुधवारी बंद असतं.
म्हणजे गुरुवारी.
उन्हं उतरली की जाते.