करंगळी

डिकीत रेनकोट, चार्जर
आणि ठसे घेणारं यंत्र, साबणाच्या वडीएवढं.
दिवसाला पाच-सहा घरं करते मी
भाडेकराराची.

सकाळी सातपूरला हेमराज गावित,
सुरगाण्याचा, आयटीआयला नुकताच लागलेला.
जन्मतारीख टाकली, चौकट लाल झाली.
अठराला एकवीस दिवस कमी.
"एकवीसच ना ताई," म्हणाला,
कंडक्टरला सुट्टे कमी पडल्यावर म्हणावं तसं.
आता उद्या पहिल्या एसटीनं बाप येईल,
करार त्याच्या नावावर होईल
आणि राहील हा.

दुपारी जेल रोड, दुसरा मजला.
निवृत्ती गांगुर्डे, वय एकोणऐंशी.
ही चौकट हिरवी.
कायद्याला खालचं वय माहीत आहे,
वरचं त्यानं विचारलेलंच नाही.

विचारतात ती माणसं.
"तसं नाही हो," छाजेडभाभी म्हणाल्या,
"पण उद्या काही झालं तर?"
आणि ते *काही* त्यांनी ट्रेमध्ये ठेवलं,
बिस्किटांच्या शेजारी.

गांगुर्डेंनी एक बिस्किट घेतलं.
तीन महिन्यांत सात घरं पाहिली, म्हणाले.
उपनगरला फॅमिलीच हवी होती.
हिरावाडीत एकटा चालत होता, पण तिशीच्या आतला.
द्वारकेला एकानं सरळ विचारलं, जिना चढता येतो का?
चढून दाखवला.
म्हणाला, आणि उतरताना?

मुलगा?
आहे, म्हणाले.
त्यापुढे काही नाही. पंखा फिरत होता.

मग भाभींनी सांगितलं, एक कलम घाला,
आजारी पडल्यास चोवीस तासांत खोली रिकामी.
गांगुर्डे हसले, "अकरा महिने मरणार नाही
असंही लिहून देतो. स्टॅम्पावर."
कुणी हसलं नाही.

मी वकील नाही.
बारावीनंतर टायपिंग केलं, मग हे.
घरामागे साडेतीनशे मिळतात, आणि भाभींचे तीन फ्लॅट आहेत.
तरी बोटं कीबोर्डवर तशीच राहिली.
म्हणाले, आमच्या नमुन्यात महिन्याची नोटीस असते,
दोघांनाही.
पाणी-वीज मध्येच तोडता येत नाही. भाड्याची पावती द्यायची.
नमुना बदलता येतो.
हे मी सांगितलं नाही.

भाभींनी नवऱ्याला फोन लावला. तो उचलेना.
"बरं, असू दे," म्हणाल्या, थोड्या रागानंच.

मग ठसा.
उजवा अंगठा: जुळत नाही.
डावा: जुळत नाही.
तर्जनी पुसली, फुंकर मारली, जरा व्हॅसलीन लावलं.
नाही.
चौतीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये,
कागद मोजत, सरळ करत, दुसऱ्यांचे.
रेषा तिथेच राहिल्या असाव्यात,
कुणाकुणाच्या खिशात गेल्या असाव्यात.
भाभी म्हणाल्या, बघा, यंत्रसुद्धा नाही म्हणतंय.

उरली होती डावी करंगळी.
तिनं कधी कागद मोजला नव्हता.
ठेवली.
यंत्रानं विचार केला, गोल फिरत राहिलं,
आणि टिचकीएवढा आवाज आला.

"शाळेत करंगळी दाखवून बाहेर जायचो," गांगुर्डे म्हणाले,
"आज करंगळी दाखवून आत आलो."
या वेळी भाभी हसल्या. पदरानं तोंड झाकून, पण हसल्या.
चावी मात्र एक तारखेलाच, असंही म्हणाल्या.

संध्याकाळी बिटको चौकात सिग्नलला थांबले.
माझी खोली सिन्नर फाट्याला.
चौथं वर्ष. करार नाही, पावती नाही,
काका चांगले आहेत म्हणून.
आणि मीही कधी विचारलं नाही,
सव्वीस वर्षांची, एकटी, रात्री नऊला येणारी,
चांगलीच राहिले.

घरी येऊन यंत्राची काच पुसली.
मग लिहिलं, काका, या महिन्यापासून
पावती द्याल का?

दोन निळ्या खुणा.
वर थोडा वेळ *टाइप करत आहेत* दिसलं.
मग तेही गेलं.
कुकर लावला.