किटलीला तुरा

फंडीच्या आखातातलं पाणी ओसरलं की
दर गुरुवारी आम्ही चौघं वर्नाच्या स्वयंपाकघरात.
जुने कोट, स्वेटर कापून पट्ट्या करायच्या,
आकडीने गोणपाटातून वर ओढायच्या,
फंद्यामागून फंदा, कधीतरी गालिचा होतो.
इनिडला ऐकू येत नाही,
त्यामुळे तिचं नि माझं बरं पटतं.

मायल्स चाळीस वर्षं फेरीबोटीच्या इंजिनाशी भांडला,
आता बोटभर आकडीशी भांडतो.
त्याचा कोंबडा किटलीसारखा दिसतो
हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.
म्हणजे, मी सांगितलं. एकदाच.
पुढच्या गुरुवारी तो आला नाही.
त्याच्या पुढच्या गुरुवारी आला,
ब्लूबेरीचा केक घेऊन
आणि किटलीला लाल तुरा काढून.

काल समुद्राला निळं कमी पडलं.
वर्ना आत गेली,
लॉइडची तटरक्षक दलातली पँट घेऊन आली,
कात्री माझ्या हातात दिली.
"तूच काप. मला हल्ली नीट दिसत नाही."
नजर तिची घारीची आहे.

कापली.
खिशात एक पेपरमिंट निघालं,
कागदासकट चिकटलेलं.
तिने ते तोंडात टाकलं,
कागद थुंकला,
म्हणाली, "चहा कोण टाकतंय?"