धन जमिनीला

पौषातलं धुकं लष्करात उतरलं
की माधवगंजातली दुकानंसुद्धा खोकत उघडतात.
माझी मॉरिस खोकते आणि थांबते.
हँडल मारतो. एकदा, दोनदा, सातव्यांदा.
खांदा म्हणतो, कारखानीस, आता पुरे.
वरच्या खिडकीतून कुमुद विचारते,
"रिक्षा सांगू का?"
मुरारला भाचीचं केळवण, साडेअकराची वेळ.
मी मान वर करत नाही.

छत्तीस वर्षं ए.जी. ऑफिसात
दुसऱ्यांच्या चुका शोधल्या,
तशीच हीही शोधत होतो आठवडाभर.
पेट्रोल पोचतंय. चारही प्लग काढले,
घासले, ओळीनं वर्तमानपत्रावर मांडले.
पॉइंट रेजमालानं पुसले, त्यांच्यातलं अंतर
एका जुन्या पोस्टकार्डाच्या जाडीनं मोजलं
(देवासच्या आत्याचं; "सर्व कुशल" एवढंच आता वाचता येतं).
कंडेन्सर नवा. रोटर नवा.
डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत दव असेल म्हणून
ती तव्याशेजारी शेकली,
पोळ्या होईपर्यंत कुमुद काही बोलली नाही.

ठिणगी येत नाही असं नाही.
येते,
महिनाअखेरीला आलेल्या पाहुण्याच्या भातावर
तूप वाढावं तशी.

शेवटी लतीफ उस्तादला निरोप धाडला.
हजीऱ्याहून नातवाच्या मोपेडवर मागं बसून आला,
मफलर, मोतीबिंदू, खिशात गजकचा पुडा.
बॉनेटवर तळवा ठेवून उभा राहिला थोडा वेळ,
वैद्य नाडीच्या आधी कपाळ बघतो तसा.
मग म्हणाला, "पेन्सिल है, साहब?
लाल-नीली नहीं. काली."

माझ्या खिशात पेन्सिल नाही
असा दिवस अजून उजाडलेला नाही.

त्यानं चाकूनं शिसं लांब काढलं,
प्लगवरची तार उपसली,
तिच्या आणि प्लगच्या मधल्या फटीत
पेन्सिलचं टोक धरलं,
आणि नातवाला म्हणाला, घुमा.
"मेरी आँखों में तो अब हर तरफ फूटती है.
आप देखिए. शिशाच्या कुठल्या अंगाला?"

मी वाकलो.
धुक्यात नखाएवढा नारिंगी पिसारा.
"तारेकडे."
"प्लगकडे नाही?"
"नाही. तारेकडे."

उस्ताद हसला नाही, हे त्याचं मोठेपण.
फक्त विचारलं, बॅटरी कोणी बसवली?

सप्टेंबरात. मी.
आजच्या सगळ्या गाड्यांची बसवतात तशी,
ऋण टोक बॉडीला, धन टोक वर,
झाकण लावून, हात धुऊन, चहा.
आणि ही त्या काळची, जिचं धन जमिनीला असतं,
हे वडिलांनी मला इथंच, याच फरशीवर,
स्पॅनर हातात देऊन सांगितलं होतं.

तेव्हापासून अँमीटरची सुई उलटी.
दिवे लावले की म्हणायची, भरतंय;
धावत असलो की म्हणायची, रितं होतंय.
मी काचेवर टिचकी मारायचो. म्हातारी झाली, म्हणायचो.
जमा खर्चात, खर्च जमेत,
चार महिने माझ्या नाकासमोर,
आणि मी लेखापरीक्षक.

कातडी पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवलं,
टोकं माझ्याच हातानं अदलून बदलून घट्ट केली.
उस्तादनं डायनॅमोला तार टेकवून
क्षणभर चरचर ठिणगी दिली:
"इसको भी भुलाना पड़ता है, साहब,
चार महीने की आदत है."

अर्ध्या फेऱ्यात धरली.
कुत्री उठून पलीकडे गेली,
समोरच्या पत्र्यावरचं दव थरथरलं.
सुई हळूच उजवीकडे झुकली.

पैसे घेईना. गजकचा एक तुकडा
माझ्या काळ्या बोटांत कोंबला.
वर बघितलं तर खिडकी रिकामी;
कुमुद केव्हाच फाटकाशी उभी,
शालू नेसून, हातात ओटीचं सामान,
आणि तिच्या पुढ्यात
तिनं थांबवून ठेवलेली रिक्षा.
"वीस मिनिटं झाली उभी आहे," ती म्हणाली,
"त्याला काय देऊ?"