खजुरिया कांकड, तहसील महू

साहेब म्हणाले, चाळीस पानांत जिल्हा बसवा.
भूगोल दहा, इतिहास दहा,
उरलेल्या विसांत अर्थव्यवस्था,
कारण छपाईचे पैसे तेच खातं देतं.

भूगोल सोपा.
विंध्याची पाठ इथं बसलेल्या बैलासारखी.
दक्षिणेला घाट एकदम तुटतो, खाली निमाड, उकाडा,
उत्तरेला उतार इतका हळू
की पाण्यालाही कळत नाही आपण निघालोय.
जानापावला चंबळ जन्मते
आणि जवळचा समुद्र पाठीशी टाकून
यमुनेच्या दिशेनं चालू लागते,
माहेरी भांडून लांबचं घर धरलेल्या बाईसारखी.
रामकुंवरबाई आपल्या कौलांकडे बोट करतात:
ह्या पाख्याचं पाणी चंबळला, त्या पाख्याचं नर्मदेला.
आढ्यावर कावळा बसला होता,
दोन समुद्रांच्या मधोमध, पंख खाजवत.
नकाशात ही रेषा तुटक छापतात.

इतिहासात अडलो.
माझे खापरपणजोबा विसाजी टिपरे
इंदूरच्या दप्तरात कारकून. घोड्यावर कधी बसले नाहीत,
ह्या गावाला आल्याची कुठं नोंद नाही.
पण त्यांच्या हातचा एक कागद आमच्या ट्रंकेत आहे,
मोडी, बोरूची, शाई अजून काळी:
मौजे खजुरिया. बिघे इतके, अफू इतके.
विहिरी तीन. पैकी गोड एक.

अफू पेट्यांत भरून मुंबईला, तिथून जहाजानं चीनला.
इथं कुणाला चीन माहीत नव्हता.
तिथं कुणाला खजुरिया.
रामकुंवरबाईंच्या कोनाड्यात अजून तो पितळी काटा,
पारडी रुपयाएवढी झिजलेली.
त्यात आता त्या लसणाचं बी तोलतात
नि म्हणतात, काटो झूठ नी बोले, बाबूजी,
तोलबा वालो बोले.

अर्थव्यवस्था:
काळी माती, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेग.
सोयाबीन, मग गहू, नाहीतर बटाटा.
बटाटा शीतगृहात, पावती डब्यात,
भाव मोबाइलमध्ये.
धाकटा धनपाल पहाटे साडेपाचच्या बसनं पीथमपूरला,
तिथं गाडीचा कुठलातरी एक भाग बनतो,
कुठल्या गाडीचा, त्यानं विचारलेलं नाही.
ओढ्यापलीकडे चुन्याच्या रेघा, लाल झेंड्या,
प्लॉट एक ते बासष्ट.
ही जमीन तक्त्यात कुठं टाकायची?
पेरलेली नाही, पडीकही नाही.
मी 'इतर' मध्ये टाकली.
साहेबांना 'इतर' फार आवडतं. त्यात काहीही मावतं.

कंई लिखो हो इत्ती देर से, त्यांनी विचारलं.
मी ट्रंकेतल्या कागदाचं सांगितलं.
चीनचं ऐकून हसल्या. अफूला नुसतं हूं.
गोड विहिरीपाशी मात्र थांबल्या.
कोणती, म्हणाल्या. तिन्ही बुजल्यात,
एकीवर तर शाळेचा ओटा आहे.
सांगा ना, तुमच्या लोकांनी लिहिलंय ना?

कागदात तेवढं नव्हतं.
विसाजींना कुणी सांगितलं असेल, त्यांनी उतरवलं,
पैकी गोड एक, आणि पान उलटलं.
हंड्यातलं बोअरचं पाणी त्यांनी मला दिलं,
सहाशे फुटांवरचं, जिभेला किंचित लोखंडी.
मी सगळं प्यायलो. त्या बघत होत्या.

कचेरीत आलो. संगणकावर 'विहिरी'चा रकाना.
शून्य टाकलं. घेतलं.
शून्यापुढे 'पैकी गोड एक' टाकून पाहिलं,
लाल चौकट आली: फक्त अंक.
शेजारच्या चौहाननं विचारलं, काय झालं टिपरेजी?
काही नाही म्हटलं.

पिशवीत त्यांनी तोलून दिलेला पावशेर लसूण होता.
दुपारपर्यंत सगळ्या खोलीला त्याचा वास.
साहेब दोनदा येऊन विचारून गेले,
इतिहास झाला का.