चालू ग्राहक

खानापूर, स्टेशन रोड, झेरॉक्सच्या वरची खोली.
मार्चचा हिशेब बसत नाही
म्हणून मी बसून आहे.
किणेकर काका जाताना म्हणाले,
"उद्या बँकवाले येणार. ती रेघ जरा
सरळ दिसेल असं बघ की गं."

रेघ म्हणजे भिंतीवरचा आलेख.
टाळेबंदीच्या वर्षी ती चढली
ती थेट ट्यूबलाइटच्या पट्टीपर्यंत,
पुढे कागद कमी पडला, तर खाली डकवला अजून एक, उलटा.
दोन हजार एकशे चाळीस घरं.
बसू हंपण्णावर दिवसाला नऊ जोडण्या करायचा,
जेवण शिडीवर,
आणि लोक त्याच्या तळहातावर साखर ठेवायचे,
घरात वायर नव्हे, शाळा आली म्हणून.

आता तेराशे सहा.

गळतीच्या वहीत कारणांचा रकाना आहे.
तो मी आखला, मराठीत.
बिल कन्नडात छापतं, तक्रार दोन्हींत येते,
शिवी बहुधा हिंदीत.
मेणसे, विद्यानगर: मोबाइलवरच भागतंय.
दस्तगीर मुजावर: दुकान बंद.
फर्नांडिस बाई गोव्याला, लेकीकडे.
पिरनवाडकर सर फोनवर कळवळून,
"तुमचं काही चुकलं नाही वो,
पोरगं नवीन सिम घेतलंय, फुकट देतंय म्हणे."
फुकटच्या पुढे
किती रुपये लिहायचे?

माणशी सरासरी चारशे बारा.
गुणिले तेराशे सहा: पाच लाख अडतीस हजार बहात्तर.
कागदावर बरं दिसतं.
मग बेळगावच्या कंपनीचं बँडविड्थचं बिल, सात तारखेच्या आत,
खांबांचं भाडं,
रस्ता रुंद करणाऱ्या जेसीबीने तोडलेली फायबर,
जांबोटीकडच्या झाडांत खारी कुरतडतात ती वेगळीच.
खार पावती देत नाही.

खिडकीतून कौलांचा कारखाना दिसतो.
चिमणी आहे, धूर नाही.
तिथले जुने कारकून कधी जिना चढून येतात,
आलेखासमोर चष्मा काढून पुसतात,
"आमची पण अशीच होती," म्हणतात,
आणि चहा न घेता जातात.

तर हिशेब बसत नाही तो एका ओळीत.
नंदगड. रुक्मव्वा घाडी. वापर: शून्य.
अकरा महिने शून्य.
पैसे मात्र पाच तारखेला, रोख,
रुमालाच्या गाठीतून, नोटा घामाने मऊ झालेल्या.
बस बायकांना फुकट आहे,
म्हणून स्वतः येते.

मी बसूला पाठवलं, विचारून ये.
तो आला आणि बराच वेळ वायरचं बंडल गुंडाळत राहिला.
रुक्मव्वा त्याला म्हणाली होती,
"माझ्या भिंतीवरनं पुढं जाते की रे ती वायर.
मी बंद केली
तर पुढच्या तीन घरांनी काय करायचं?"

शेतातल्या पाटासारखं.
वरच्याने बांध घातला की
खालचा वाफा कोरडा.

"मग? तसं नसतं, सांगितलंस तिला?"
"पाणी प्यालो," बसू म्हणाला, "आणि आलो."

काकांना विचारलं.
काका म्हणाले, पैसे भरतो तो चालू ग्राहक.
बँकेच्या नमुन्यातही तसंच आहे,
मी दोनदा वाचलं.
आणि पुढच्या तीन घरांपैकी दोन
गेल्या दिवाळीत सुटली,
कारणांच्या रकान्यात माझ्याच अक्षरात आहेत.

पेन्सिलने सहाचे पाच केले.
खोडले. पुन्हा केले.
कागद तिथे पातळ झालाय आता,
मागची ट्यूब दिसते.

उद्या पाच तारीख.
बँकवाले साडेअकराला, नंदगडची बस सव्वाअकराला.
ऑफिसात पाहुण्यांसाठी एकच खुर्ची धड आहे.
तीच पुसून
दाराशी, पंख्याखाली ठेवलीय.
कोणासाठी ते
अजून लिहिलेलं नाही.