अंदाजे

दात बघून डॉक्टरांनी लिहिलं होतं: वय अंदाजे पाच.
गड्ड्याच्या जत्रेत, पाळण्यांच्या मागं सापडलेलं पोर,
मुठीत शेंगांचा पुडा, रिकामा.
नाव विचारलं तर म्हणालं, "हाव."
इरेश हे बालगृहातल्या मावशींनी ठेवलं.
आडनावाच्या रकान्यात कितीतरी वर्षं नुसती रेघ.

कागदाला जन्मतारीख लागतेच,
म्हणून सापडला तो दिवस पडला, चौदा जानेवारी.
तेरा वर्षांनी तीच तारीख
फाटकाशी येऊन उभी राहिली:
अठरा पूर्ण. इथं सही कर.
एक पेटी, दोन शर्ट,
बारावीचा निकाल प्लास्टिकच्या पिशवीत.
अंदाजानं वाढलेला मुलगा
एका सहीनं नेमका मोठा झाला.

मी सिव्हिलमधून रिटायर झालेली बाई.
चौतीस वर्षं लोकांच्या नाड्या मोजल्या,
आता जिन्याच्या पायऱ्या मोजते.
अधीक्षकांचा फोन आला,
"गुंडेटी सिस्टर, एक मुलगा आहे, काही काम?"
म्हटलं, काम नाही, कोर्स आहे,
रुग्णसहायकाचा, सहा महिने.
फी मी बघते, बूट त्यानं बघावेत.
(बूटही मीच बघितले. पांढरे, नऊ नंबर.
पाय तेवढे अंदाजे नव्हते.)

खोलीसाठी अशोक चौकाच्या मागं सात घरं हिंडलो.
प्रत्येक ओट्यावर तोच प्रश्न,
कधी तेलुगूत, कधी कन्नडात, कधी मराठीत:
तुझं कोण?
सातव्या घरी रात्रपाळीहून आलेला म्हातारा चिप्पा,
केसांत अजून कापूस,
म्हणाला, "झोपायला कोण कशाला लागतंय बे?
चादर लागते."

माझ्या स्वयंपाकघरात शिकला तो.
रक्तदाबाचा पट्टा माझ्याच दंडाला,
पहिल्यांदा इतका फुगवला की मी शिवी दिली,
आणि तो पहिल्यांदा हसला.
नाडी मोजताना ओठ हलायचे.
"चौऱ्याहत्तर, सिस्टर."
"अंदाजे?"
"नाही. मोजलेत."

खाटेवर चादर घालायला मात्र शिकवावं लागलं नाही.
चाळीस खाटांच्या खोलीत वाढलेला.
कोपरा असा दुमडायचा
की मीच उलगडून परत बघितला.

तिसऱ्या महिन्यात पळाला.
एप्रिल, डांबर चपलेला चिकटणारं ऊन,
वॉर्डात कुणीतरी ओरडलं होतं, "कुठनं आणलं हे पोरगं?"
स्टेशन बघितलं, कंबर तलाव बघितला.
सापडला बालगृहाच्याच फाटकात,
आतल्या बारक्यांना खरूज झालेली,
हा रांगेनं बसवून एकेकाच्या बोटांच्या बेचक्यात
मलम लावत होता.
"काय करूलालास?" मी म्हटलं.
वर न बघता म्हणाला,
"अजून नऊ राहिलेत."
मी पायरीवर बसले.
नऊ झाले. मग रिक्षा केली.

आता कॅज्युअल्टीत असतो, बहुतेक रात्रीच.
परवा पहाटे फोन. मी घाबरले.
काही नाही, सांगायचंच होतं त्याला:
फलाटावरून एक माणूस आणलेला,
खिशात कागद नाही, सोबत कोणी नाही.
इंटर्न नवीन, घाईत, केसपेपरवर लिहीत होता,
अनोळखी पुरुष, वय अंदाजे,
आणि पेन थांबवून म्हणाला,
"इरेश, जरा तोंड उघड त्यांचं, दात बघू."

"मग?"

"मी म्हटलं, सर, जागा सोडा रिकामी.
शुद्धीवर आले की विचारू.
पाय पुसून घेतले, लई धूळ होती.
तिन्ही भाषांत नाव विचारून झालंय.
अजून बोलले नाहीत."

इकडं माझा चहा उतू गेला.
तिकडं कुणीतरी हाक मारली, "भाऊ, सलाईन!"
"ठेवतो," म्हणाला.
फोन बंद करायचा विसरला.
बराच वेळ मला बूट ऐकू येत होते.